पत्र्याच्या आतली सही

माझ्या गाडीची डावी सिल नवी आहे. दाराच्या उंबरठ्याखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची जी पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका डेंटरनं ती अठरा गेजच्या पत्र्यातून हातानं घडवली. गाडी 1950च्या दशकातली फियाट 1100, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली. आपल्याकडे जिला सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती. वडिलांनी ती सेकंडहँड घेतली आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बारा पावसाळे चालवली. पुढं ती आमच्या घरामागं ताडपत्रीखाली उभी राहिली. मी तिला हात लावला तेव्हा सिलमध्ये बोट घातलं की पत्र्याचा भुगा खाली पडत होता.

नवी सिल बसली त्या आठवड्यात जुन्या मोटारींचे एक जाणकार गॅरेजमध्ये गाडी पाहायला आले. त्यांनी जमिनीवर आडवं होऊन काम बघितलं, बोटांनी सांधा चाचपला, मनापासून दाद दिली. उठताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता वरून जाड अंडरकोट मारून टाका. आणि ही नवी आहे हे कुणाला सांगू नका. गाडीची किंमत पडते.”

त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच सांगितलं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवसापासून हा सल्ला मनातून जात नाही. चांगलं काम झालं म्हणून आनंद, आणि तेच काम झालं म्हणून ते लपवायचं, या दोन गोष्टी एकाच तोंडून एकाच मिनिटात कशा निघाल्या? मला वाटतं, जुन्या गाड्यांच्या आपल्या जगात ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ आपण चुकीच्या जागी नेऊन ठेवला आहे. पत्रा किती जुना, यावर आपण अस्सलपणा मोजतो. तो मोजायला हवा त्या पत्र्याबद्दल खरं सांगितलं जातं का, यावर. नव्यानं घडवलेला भाग ही नक्कल नव्हे. लपवलेला नवा भाग ही नक्कल आहे.

आधी ते काम काय असतं हे सांगतो, कारण त्याशिवाय हा वाद नुसता शब्दांचा होईल.

डुक्कर फियाटला वेगळी चेसिस नाही. जीपला किंवा ट्रकला शिडीसारखी लोखंडी चौकट असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. फियाटचा पत्राच तिचा सांगाडा आहे. फ्लोअर, सिल, खांब आणि छप्पर यांनी मिळून एक पेटी तयार होते आणि सगळा भार ती पेटी वाहते. त्यातून या मॉडेलची पुढची आणि मागची दारं दोन्ही मधल्याच खांबाला टांगलेली, विरुद्ध दिशांना उघडणारी. म्हणजे चार दारांचं वजन दोन खांबांवर, आणि ते खांब सिलवर. सिल गंजली की खांब बसतो, खांब बसला की एकाच वेळी दोन दारं घासायला लागतात. पुष्कळ लोक मग बिजागऱ्या ठोकून दार वर घेतात. दुखणं मात्र खालीच राहतं.

अशी सिल कापण्याआधी दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे आणि तिरके पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी बसवावे लागतात. ते न बसवता कापलं तर गाडी मधोमध काही मिलिमीटर खचते. डोळ्याला दिसतही नाही. त्या खचलेल्या अवस्थेत नवी सिल जोडली की खचलेपणा कायमचा झाला. मग कितीही सुंदर पत्रा घडवलेला असो, दार आयुष्यभर नीट लागणार नाही. आमच्या चाचांनी (वय सत्तरीच्या आसपास, सगळं उद्यमनगर त्यांना चाचाच म्हणतं) पहिले दोन दिवस फक्त मापं घेतली. दोरी, टेप, ओळंबा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कर्ण, मग उलट कर्ण. दोन्ही जुळेपर्यंत त्यांनी गाडीखालचे ठोकळे हलवले. कटर हातात घेतला तो तिसऱ्या दिवशी दुपारी.

सड काढल्यावर जे धड उरलं त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापला. उजवी बाजू त्या मानानं बरी होती, म्हणून साचा उलटा करून तिकडं लावून पाहिला, तर मागच्या टोकाला चार मिलिमीटरचा फरक. मला वाटलं आमचंच चुकलं. चाचांनी चार वेळा मोजलं आणि म्हणाले, “ह्यो फरक आपला न्हाई सर, कारखान्याचा हाय. तसाच ठेवायचा.” मला त्या कामात सगळ्यात जास्त आवडलेला क्षण हा. आता भाग स्कॅन करून संगणकावर उलटवून डाव्यावरून उजवा काढता येतो. सोय मोठी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण संगणक त्या चार मिलिमीटरांना चूक समजून पुसून टाकतो आणि गाडीला एक असा सारखेपणा देतो जो तिच्यात जन्मापासून कधीच नव्हता. माणसानं मोजल्यामुळं तो फरक टिकला.

सरळ वळणं रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर पत्रा ठेवून घेतली. अवघड जागा होती मागच्या चाकाच्या कमानीजवळ, जिथं सिल एकाच वेळी आत वळते आणि वर उचलते. पत्रा कागदासारखा दुमडता येतो तोवर सोपं असतं. दोन दिशांना वक्र घ्यायचा म्हटलं की तो कुठंतरी ताणावा लागतो आणि कुठंतरी आवळावा लागतो. ताणणं त्या मानानं सोपं. वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकलं की पत्रा पातळ होत पसरतो. आवळणं म्हणजे कसोटी. कडेला मुद्दाम चुण्या पाडायच्या आणि एकेक चुणी तिच्यातच जिरवत बसवायची, किंवा गॅसनं रुपयाएवढा ठिपका लाल करून हातोडी-डॉलीनं दाबायचा आणि ओल्या फडक्यानं थंड करायचा. एक ठोका जास्त पडला तर पत्रा पुन्हा ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् आतबाहेर करायला लागतो. “पत्रा हाणून येत न्हाई, समजावून येतोय,” असं चाचा म्हणायचे. हे नुसतं बोलणं नव्हतं. ठोक्यागणिक धातू कडक होत जातो, आणि किती कडक झाला हे त्यांना आवाजावरून कळत होतं.

पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीतून जो गेला आहे त्याला हा आवाज ओळखीचा वाटेल. घंगाळावर जे मठारकाम होतं, ते आणि मडगार्डवर डेंटर जे करतो ते, दोन्ही एकाच विद्येची रूपं आहेत. तांबं कडक झालं की तांबट ते तापवून मऊ करून घेतो. ॲल्युमिनियमची बॉडी घडवणारेही तेच करतात, फक्त ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, थेट वितळून खाली पडतं. म्हणून जुने कारागीर त्यावर साबण घासतात आणि साबण काळा पडला की आच काढतात. पंधरा रुपयांची साबणाची वडी तिथं तापमापकाचं काम करते.

इथं माझ्या बाजूला एक अडचण आहे, आणि ती मी टाळणार नाही. माझ्या फियाटची मूळ सिल कुणी हातानं घडवलेली नव्हती. ती यंत्राच्या एका दाबानं, काही सेकंदांत निघालेली होती. चाचांना तिला अकरा दिवस लागले. मग ही मूळ कारागिरीची पुनर्स्थापना आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? म्हणतच नाही. हे वेगळं काम आहे. कारखान्याचे साचे संपले, दाबयंत्रं भंगारात गेली, त्यानंतर त्या आकाराला जिवंत ठेवण्याची जबाबदारी हातावर आली. आणि हा हात मोटारींच्या शौकिनांनी घडवलेला नाही. तो घडला मुंबईच्या टॅक्सींवर. प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. मधल्या काळात त्या टॅक्सींचे मडगार्ड, फ्लोअर, दारांचे खालचे पट्टे किती वेळा नव्यानं बनले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. चाचा तरुणपणी काही वर्षं कुर्ल्यात याच कामाला होते. माझ्या गाडीच्या सिलला जो सराईत हात लागला, त्याचं शिक्षण टॅक्सीवाल्यांच्या पैशातून झालेलं आहे.

आणि हाताच्या कामाला कमी लेखायचं, तर मोटारीच्या इतिहासाचा पहिला निम्मा भागच बाद करावा लागेल. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रोल्स-रॉइस कंपनी गाडी विकायची म्हणजे इंजिन, चाकं आणि चेसिस विकायची. बॉडी गिऱ्हाइकानं बार्कर, हूपर किंवा थ्रप अँड मॅबर्ली अशा बांधणाऱ्यांकडून करून घ्यायची. आपल्या संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या अशाच. त्याच चेसिसवर काही वर्षांनी दुसरी बॉडी चढवणं ही तेव्हा रोजची गोष्ट होती. इटलीत सेर्जो स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात फेरारीच्या बॉडी वाळूच्या पिशव्यांवर ॲल्युमिनियम ठोकून बनल्या. 1962 ते 1964 या काळात झालेल्या 36 फेरारी 250 जीटीओंपैकी दोन गाड्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत, आणि आज त्या जगातल्या सर्वांत महाग मोटारींत मोडतात. आपल्याकडं तर ही परंपरा संपलेलीच नाही. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत उघड्या चेसिस आल्या आणि तिथल्या कामगारांनी त्यांच्यावर बॉडी बांधून हजारो लाल गाड्या रस्त्यावर आणल्या. ज्या महाराष्ट्रानं शाळा, बाजार आणि लग्नं हातानं बांधलेल्या बॉडीत बसून गाठली, त्यानं हातानं बांधलेल्या बॉडीला दुय्यम का मानावं?

आता अस्सलपणाच्या प्रश्नाकडं वळतो. यावर एका न्यायालयानं खोलवर विचार केलेला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली स्पीड सिक्स 1929 आणि 1930 अशी सलग दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली. पुढं तिच्यात बदल होत गेले. 1932 साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेले. नंतर गाडीवर वेगळी बॉडी चढवली गेली. कित्येक दशकांनी ती प्रचंड किमतीला विकण्याचा करार झाला आणि घेणाऱ्यानं तक्रार केली की ही ती गाडीच नव्हे, हिच्यात 1929चं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. 1990 साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला: गाडी तीच आहे. सुटे भाग बदलले, पण कोणत्याही टप्प्यावर गाडी नाहीशी झाली आणि दुसरी उभी राहिली असं घडलं नाही. तिचं आयुष्य अखंड चालत आलं. मला या निकालातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गाडीचं अखंडत्व सिद्ध करता आलं ते कोणता बदल कधी झाला याचा माग लागत होता म्हणून. बदल कुणी अंडरकोटखाली गाडून टाकले असते तर न्यायालयासमोर मांडायला काहीच उरलं नसतं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. जॅग्वारनं 1963 साली हलक्या वजनाच्या 18 ई-टाइप गाड्या करायचं ठरवलं होतं, झाल्या 12. उरलेले सहा चेसिस क्रमांक कागदावरच राहिले. 2014 साली कंपनीनं जाहीर केलं की त्या सहा गाड्या आता बनवू, त्याच क्रमांकांनी. बनवल्या, विकल्या, आणि लोकांनी कौतुक केलं. मीही ते काम कौतुकानंच पाहतो. जे केलं ते कंपनीनं उघड सांगितलं. पण मग अर्धशतकानंतर कारखान्यानं केलेली संपूर्ण नवी गाडी जर मान्य होते, तर साठ वर्षांहून जुन्या गाडीला डेंटरनं लावलेली एक सिल तिचं मोल का उतरवते? फरक पत्र्यात नाही. एका पत्र्यामागं कंपनीचं नाव आहे, दुसऱ्यामागं नाव नसलेला माणूस आहे, एवढाच तो फरक आहे.

जतनवाद्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. जुना पत्रा ही नुसती जुनी वस्तू नसते. वेल्डिंगचे ठिपके किती अंतरावर, रंगाचे थर किती आणि कोणते, कुठल्या सांध्यात शिसं भरलेलं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि एकदा कापलं की ते वाचता येत नाही. म्हणून जेवढं सडलं तेवढंच कापावं, कापलेला तुकडा जपून ठेवावा, फोटो काढावेत. मोजक्याच उरलेल्या गाडीच्या बाबतीत तर हात न लावणंच बरं. पण माझ्या गाडीसारखी गाडी काचेच्या दालनासाठी जन्मलेली नाही. तिचं काम माणसं नेणं, आणि कुजलेल्या सिलवर माणसं नेता येत नाहीत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फिव्हानं, याबाबत तयार केलेली सनद ट्युरिनच्या नावानं ओळखली जाते. योगायोगानं फियाटचं गावही तेच. बदललेल्या भागांवर ओळखता येईल अशी कायमची खूण करावी, असं ती सनद सांगते. बदलू नका असं ती म्हणत नाही. बदला आणि खूण करा, असं म्हणते. मला मिळालेला सल्ला याच्या अगदी उलट होता.

खूण न करण्याची सवय लागायला आपला कायदाही काही अंशी कारण आहे. जुलै 2021मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, असं बरंच उपयुक्त त्यात आहे. पहिल्यांदाच या गाड्यांना स्वतंत्र दर्जा मिळाला, हे मी मनापासून मानतो. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी-शेल वा इंजिन यांत फेरबदलासारखी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. हेतू स्पष्ट आहे. सुटे भाग जुळवून बनावट जुनी गाडी उभी करणाऱ्यांना रोखायचं. मात्र फियाटसारख्या गाडीत फ्लोअर आणि सिल हाच बॉडी-शेल. कोकणात वाढलेल्या साठ वर्षांच्या गाडीचं फ्लोअर बदललेलं नसेल तर ती चालत नसेल. मग जो मालक खरं सांगेल त्याच्या पोटात भीती, आणि जो अंडरकोट मारून गप्प बसेल तो निर्धास्त. आकार बदलणं आणि त्याच आकारात नवा धातू घालणं, या दोन गोष्टी नियमानं वेगळ्या करायला हव्यात. ब्रिटनच्या नोंदणीनियमांत, मूळच्याच बनावटीचा नवा शेल घालून दुरुस्त केलेल्या गाडीला आपली ओळख टिकवता येते. तिथं एमजीबी गाडीचे संपूर्ण नवे शेल 1988पासून मिळतात आणि ते घातल्याचं कुणी लपवत नाही.

आकार बदलणाऱ्यांनाही मी सरसकट गुन्हेगार मानत नाही. अमेरिकेत 1951ची एक मर्क्युरी बॉब हिरोहाता या तरुणानं बॅरिस बंधूंकडं दिली. त्यांनी छप्पर खाली आणलं, मधला खांब काढला, गाडीचा चेहरामोहराच बदलला. कारखान्याच्या दृष्टीनं ती गाडी बिघडवली होती. 2017 साली तीच अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. आज कुणी ती ‘मूळ स्वरूपात’ आणायला निघाला तर तोच वारसा नष्ट करेल.

इथवर मी हाताच्या बाजूनं बोललो. आता त्याला जिथं बांध घालायला हवा तिथं येतो, कारण चेसिसच्या भागांबद्दल माझं मत वेगळं आहे. मडगार्डचा वक्र चुकला तर डोळ्याला खुपतो. चेसिसचा कंस चुकला तर माणूस जातो. आणि चेसिसमध्ये नुसत्या डोळ्यानं चांगलं-वाईट कळत नाही, इथंच खरा धोका आहे.

जीपची चौकट घ्या. तिच्या उभ्या कण्यापेक्षा वरच्या आणि खालच्या कडेवर ताण जास्त येतो, म्हणून त्या कडांत भोक पाडणं म्हणजे भेगेला जागा करून देणं. भेग गेलेल्या ठिकाणी सरळ उभी पट्टी वेल्ड केली तर वेल्डिंगच्या उष्णतेनं अशक्त झालेली रेघ नेमकी सगळ्यात वाईट ठिकाणी पडते. म्हणून पट्टीची टोकं माशासारखी निमुळती ठेवायची असतात, की भार हळूहळू पुढं सरकावा. गॅरेजमध्ये ‘जाड पट्टी मारली, आता हत्ती चढला तरी चालेल’ असं अभिमानानं सांगितलं जातं. पण जाड पट्टी जिथं संपते तिथंच चौकट पुढं तुटते, कारण लवचीक भागाला एकदम ताठ भाग येऊन भिडतो. उघडी पन्हळ बंद करून पेटी केली तर पीळ सहन करण्याची ताकद खूप वाढते हे खरं, पण ती चौकट मुळात थोडी पिळावी अशाच हिशेबानं बांधलेली असेल तर तो पीळ जाऊन रिव्हेटांवर बसतो. आणि स्टिअरिंगचे दांडे, पुढच्या चाकांचे नकल्स हे फोर्जिंगचे भाग. घडताना त्यांतल्या धातूचे रेषे आकाराबरोबर वळलेले असतात. ते वेल्ड करून लांब-आखूड करणाऱ्याच्या कौशल्याबद्दल मला आदर असला तरी त्या गाडीत मी बसणार नाही.

म्हणून चेसिसच्या भागाला नुसती सही पुरत नाही, तपासणी लागते. आणि एकट्या गाडीसाठी ती करून घ्यायला सामान्य मालकाला आज सरळ वाट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीपासून फारकत घेणारे बदल अडवतं. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं मला ते बरोबर वाटतं. पण नुसती बंदी घातल्यानं काम थांबत नाही, ते रात्री शटर अर्धं ओढून होतं. ब्रिटनमध्ये एकेकटं वाहन तपासून मान्य करण्याची पद्धत आहे. आपल्याकडं 1966पासून वाहनांची चाचणी घेणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यात उभी आहे, पण तिचं काम मुख्यतः कारखान्यांसाठी चालतं. कोल्हापुरात, पुण्यात, नाशकात लाल द्रव लावून वेल्डमधली केसासारखी भेग दाखवणारी माणसं आहेत. कारखान्यांची कामं ती रोज करतात. कोणता पोलादी पत्रा वापरला त्याचं बिल, वेल्डची चाचणी, कामाचे फोटो, करणाऱ्याचं नाव आणि तपासणाऱ्या अभियंत्याची सही, एवढ्या पाच गोष्टींची एक फाइल आरटीओनं स्वीकारायची ठरवली, तर जुन्या चेसिसवरचं निम्मं काम अंधारातून उजेडात येईल. हे कागदी घोडे नाहीत. त्याच फाइलच्या भरवशावर पुढचा मालक त्या गाडीत मुलाबाळांना बसवणार असतो.

आणि करणाऱ्याचं नाव. ट्रकच्या फाळक्यावर पेंटरचं नाव असतं, गावही असतं. बॉडी बांधणारा आपली पाटी लावतो. डेंटरचं नाव कुठंच नसतं. त्याचं उत्तम काम म्हणजे जे दिसत नाही ते, अशी त्याला लहानपणापासून शिकवण. चाचांनी हे काम बाराव्या वर्षी धरलं. साठीला भिडणाऱ्या त्यांच्या कामाच्या वर्षांमध्ये किती गाड्या उभ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि त्यांतल्या एकीवरही त्यांची खूण नाही. त्यांचा मुलगा शोरूमच्या कार्यशाळेत आहे. तिथं चेपलेलं मडगार्ड काढून खोक्यातलं नवं लावतात. आवळायचं, ताणायचं, मठारायचं काम पडतच नाही. मुलाला मी दोष देत नाही. ज्या कामात गुण लपवण्यातच गुण मानला जातो, ज्याचं नाव घेतलं की मालाची किंमत पडते, त्या कामाकडं तरुण माणूस कशाला येईल? आयटीआयमध्ये पत्रेकामाचा अभ्यासक्रम आहे. पण शिकून बाहेर पडलेल्याला दाखवायला स्वतःच्या नावाची एक तरी वस्तू लागते.

प्रायमर मारायच्या आदल्या दिवशी मी चाचांना म्हटलं, “आतल्या बाजूला तुमचं नाव आणि तारीख पंच करा.” ते थांबले. “माझं कशाला सर? गाडीचं नाव खराब हुईल,” म्हणाले. म्हणजे तो सल्ला त्यांच्यापर्यंतही कधीचा पोचलेला होता. मी आग्रह धरला. त्यांच्याकडं फक्त आकड्यांचे पंच होते, अक्षरांचे नव्हते. शेजारच्या लेथवाल्याकडून मागून आणले. सिलच्या आतल्या पट्टीवर, पायपुसणं उचललं की दिसेल अशा जागी, त्यांनी आधी खडूनं रेघ आखली. मग नावाची दोन अक्षरं, महिना, वर्ष, आणि स्वतःहून पुढं ‘18’, पत्र्याचं गेज. पुढच्या माणसाला कापायची वेळ आली तर माहीत असावं, म्हणाले. त्या पट्टीवर मी अंडरकोट मारू दिला नाही. नुसतं पारदर्शक लॅकर आहे.

उजवी सिल अजून व्हायची आहे. त्या बाजूच्या दारांत आडवे पाइप टाक्यांवर उभे आहेत. गेल्या मंगळवारी चाचांनी कर्ण पुन्हा मोजला, मागच्या टोकाचे ते चार मिलिमीटर वहीत लिहून घेतले, आणि लेथवाल्याचे पंच परत करायचे राहिलेत म्हणून मी ते नेऊन द्यायला निघालो, तर म्हणाले, राहू द्यात, लागतील.